सातावर थांबले

सुखदेवमामा, जयभीम.

तुमच्या आतड्याचा कापलेला तुकडा तपासायला माझ्याच टेबलावर आला होता. भोवतीच्या चरबीतून लसिकाग्रंथी बोटांनी चाचपून काढाव्या लागतात. निदान बारा तपासल्याशिवाय कॅन्सर पसरला नाही असं छातीठोक सांगता येत नाही. मला सातच मिळाल्या. सातही स्वच्छ निघाल्या, आणि भाचीचे हात पुन्हा शोधायला धजेनात. मी तसाच रिपोर्ट दिला. केमो टळली म्हणून तुम्ही कात्रजभर पेढे वाटलेत. दोन मीही खाल्ले.

राहवेना, म्हणून परवा बरणीतला तो तुकडा पुन्हा चाचपला. आणखी सहा मिळाल्या. त्यातल्या एकीत कॅन्सर आहे.

हे पत्र फाडते आणि स्वतःच येते. दार उघडल्याबरोबर पेढा पुढे करू नका.

तुमची डॉक्टरीणबाई,
पूर्वा