सरपंचाला गिऱ्हाईक

जुळे सोलापूर,
मंगळवार, जेवण झाल्यावर

पैशे द्यायची काय गरज न्हाय, हे पयलंच सांगून ठेवतो. पाच रुपयंबी नकोत. तुमी इचारलं न्हाय, खरं हाय. पर पत्र वाचून झालं की इचारणार, म्हणून उत्तर आधीच लिवलं. आता मधी मधी थांबू नका, सरळ वाचत चला.

तर बिरप्पा पाव्हणं, तुमाला आन् घरच्या समद्यांला महिपतीचा रामराम. बिरोबाच्या किरपेनं हितं बरं हाय, तितंबी असंल. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? माजा डावा दुखतो, तुमचा उजवा, म्हंजी दोघं मिळून एक माणूस धड चालंल. तुमची बहीण बाळाबाई ठणठणीत हाय, आवाजावरनं तरी. फोन सोडून पत्र कशाला म्हणाल, तर मी फोन लावला की ती स्पीकर चालू करती आन् माजं बोलणं तिच्या बोलण्यात बुडून मरतं. शाळा माजी चौथीपातूर, त्यातबी चौथी दोनदा, तवा अक्षराला नावं ठेवायची न्हाईत.

तुमाला ठावं हाय, गुडघ्यापायी गेल्या दिवाळीत मी मेंढरं विकली आन् पोराकडं, कुमारकडं, राहायला आलो. समदी विकली, एक मेंढा ठेवला. आपला सरपंच. (तुमी बघितलाय त्याला. माडग्याळ जातीचा, नाक पोपटावानी, कान लांब, चार दाती. काम कायबी करत न्हाय, पर कुटंबी जायचं झालं तर समद्यांच्या म्होरं, म्हणून सरपंच.) हितं कुमारच्या घरामागं हातभर परस हाय, तितं बांधला. महिनाभर गुमान राहिला. मग सोसायटीचे चेअरमन, बिभीषण मास्तर, रिटायर माणूस, दिवसभर दुसरा उद्योग न्हाय, त्यांनी गेटावर नोटीस चिकटवली की मेंढा हलवा. ती सरपंचानं खाल्ली. मास्तरांनी दुसरी चिकटवली, उंचावर. ती त्यानं मागच्या दोन पायावर हुबं राहून खाल्ली. तिसरी मास्तरांनी माज्या हातात दिली. येत्या रईवारपातूर मेंढा गेला पायजे, न्हाय तर महापालिकेत अर्ज. कागदावर सही बी घेतली माजी. सही करताना मेंढ्याचं आन् माजं नाव एकाच ओळीत हुतं, हे तुमाला म्हणून सांगतो.

कुमार म्हणला, आण्णा, आता बाजाराला जायची गरज न्हाय, फोनवर बाजार हाय. फोटू टाकायचा, किंमत टाकायची, गिऱ्हाईक घरी येतंय. कुमार पतपेढीत कारकून, दुसऱ्याच्या पैशाला लई जपतो, तवा त्यानं मला आधी सात नियम सांगितले. अनोळखीला नंबर देऊ नका, नवीन खात्यावर इस्वास ठेवू नका, आन् असंच कायबाय. फोनवर म्हणं हर माणसाच्या नावाखाली चांदण्या असत्यात. जास्ती येव्हार केले त्याला जास्ती चांदण्या. एकबी केला न्हाय त्याच्या नावाखाली 'नवीन खातं, व्यवहार शून्य'. मी म्हणलो, चांदण्या आभाळात बघायच्या, माणसाला मामाचं गाव इचारायचं. त्यानं ऐकलं न्हाय. एक लाख साठ हजार किंमत टाकली. तितं मेंढ्याचा रकाना नव्हता, म्हणून फ्रीज, पंखे, जुन्या सोफ्याच्या खाली 'इतर' मधी टाकला. दोन दिवसांत चाळीस माणसांनी एकच इचारलं, 'अजून उपलब्ध आहे का?' आता बांधलेला मेंढा उपलब्ध नसून जाईल कुटं? एकानं इचारलं, किती वापरलाय. त्याला मी म्हणलो, मीच लई वापरलो गेलोय, मेंढा नवा हाय.

तिसऱ्या दिवशी पुण्याचा सोमेश म्हणून एक जण आला. आला म्हंजी फोनात आला. नवीन खातं, व्यवहार शून्य, तोंडाच्या जागी गुलाबाचं फूल. त्यानं लिवलं, एक लाख साठ हजार कबूल, उद्याच माझा माणूस टेम्पो घेऊन येईल. कुमार उड्या मारायला लागला. मी मातूर फोन त्याच्या हातातनं काढून घेतला. पाव्हणं, तुमीच सांगा, सांगितल्या किमतीला हो म्हणणारा माणूस बघितलाय का कवा? भाव न करता घेणारा एक तर येडा, न्हाय तर चोर. मी म्हणलो, मला त्याचं तोंड बघू दे. लावला व्हिडिओ कॉल. पोरगा दिसायला चांगला, दाढी कोरलेली. मी इचारलं, मामाचं गाव कुटलं? म्हणला नाशिक. मी म्हणलो, वय कळायला मेंढ्याचं दात नको का बघायला? तर म्हणला, 'काका, दात कशाला, फोटो बघितला ना मी.' आँ? तुमी बाळाबाई देताना चारदा येऊन माजं दात बघून गेला हुता, आन् मी तवा एक लाखाचाबी नव्हतो!

तरीबी म्हणलो, पोरगं शहरातलं हाय, शिकलं न्हाय, आपण शिकवू. भाव केल्याबिगर जित्राब द्यायचं म्हंजी त्याचा अपमान. सरपंच बघत हुता. मी सोमेशला म्हणलो, थांब, रीतीनं करू. खांद्यावरचा टावेल काढला, फोनवर टाकला, आन् टावेलाखाली हात घातला, जसं आपण बाजारात करतो तसं, म्हंजी चार माणसाला भाव कळू नये. (आता तुमी हसणार. हसा. पन्नास वर्सं ज्या हातानं टावेलाखाली येव्हार केले तो हात दुसरं काय करणार?) तिकडनं आवाज, 'काका, अंधार झाला, नेटवर्क गेलं का?' मी म्हणलो, गप बस, बोटं धर. धरणार कशी, बोटं पुण्यात! पर माजी बोटं आपली चाललेली. मी दीड लाखापातूर उतरलो, मग त्याच्याच वतीनं दहा हजार वर चढलो, मग परत माज्या वतीनं पाच सोडले. टावेल उचलून बघतो तर कॉल कवाच बंद, आन् माज्या बोटांनी त्या सोमेशला सतरा अंगठे पाठवलेले. पिवळे पिवळे, वर केलेले. सतरा. त्यानं लिवलं, 'डन काका.'

मग त्यानं ठिपक्यांचा एक चौकोन धाडला. म्हणला, हे फोनवर धरा, आधी पाच रुपये पाठवून बघा, दहा परत देतो, म्हंजी खातं बरोबर हाय का ते कळंल. मी म्हणलो, कुमार, मेंढा आपला, पैशे त्यानं द्यायचे, मग आपली पेटी आपण कशाला उघडायची? कुमार म्हणला, आण्णा तुमाला ह्यातलं कळत न्हाय. पाच पाठवले, दहा आले. कुमारचं डोळं चमकलं. मग पाच हजार पाठवले. दहा हजार अजून यायचेत. गुलाबाचं फूलबी गेलं, सोमेशबी गेला, नाशिकचा मामाबी गेला. सात नियम सांगणारा पोरगा परसात सरपंचाशेजारी पायरीवर बसला हुता, दोघांची तोंडं सारखी. मला म्हणला, आण्णा, सोनमला सांगू नका. (सोनम म्हंजी सूनबाई. दोन महिन्यामागं तिनं फोनवर साडी मागवली, आतनं पायपुसणं निघालं, तर ह्यानं तिला तासभर शिकवलं हुतं.) मी म्हणलो, न्हाय सांगत. पर ध्यानात ठेव, मी न्हाय सांगत.

इतक्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, रावजी म्हणून. त्याच्या नावाखाली पाच चांदण्या, दोनशे बारा येव्हार. कुमार म्हणला, बघा आण्णा, हा खरा माणूस. आणि खरंच, सांगितल्या येळेला मोटारसायकलवर आला, चप्पल भाईर काढली, बाळाबाईच्या हातचा च्या पिला, नोटांचं बंडल दाखवलं. मग परसात गेला. नाक बघितलं न्हाय. दात बघितले न्हाईत. कान धरून बघितला न्हाय. सरळ पाठीवर हात ठेवला, कमरंपाशी दाबलं, आन् कुमारला बारीक आवाजात इचारलं, 'किती किलो भरंल?'

पाव्हणं, मी चौथी शिकलोय, पर हा सवाल कोण इचारतो ते मला पयलीतच ठावं हुतं. सरपंचालाबी ठावं असावं, कारण त्यानं रावजीला जी धडक दिली त्यात माजा काय हात नव्हता. (दोर मी धरला हुता. दोर सुटला. दोर सुटतो.) रावजी भला माणूस, शिवी दिली न्हाय, लंगडत गेला, आन् जाऊन आमाला फोनवर एक चांदणी दिली. एक लाख साठ हजार परसातनं चालत गेले. बाळाबाई म्हणली, 'एका मेंढ्यापायी म्हातारा येडा झालाय.' मी म्हणलो, येडा न्हाय, पर ह्याची आई कोकरू असताना तिला मी माज्या घोंगड्यात घेऊन निजलोय, ह्याला काट्यावर तोलू देणार न्हाय.  

रईवार जवळ आला. अखेर बिरोबाला काळजी. काल सांजच्याला गिऱ्हाईक मिळालं. अक्कलकोटच्या अंगाचं हाय, मेंढरातलंच हाय, दात बघणारं हाय, माणूस चिकट पर मेंढा ओळखणारा, आन् कापणार न्हाय ह्याची मला खातरी. चेअरमनला कळवलं. मास्तरांनी नवीन नोटीस लावली की सोसायटी मेंढामुक्त. ती सरपंचानं आज सकाळी खाल्ली.

बाकी काय न्हाय. वैनीबायला नमस्कार, लेकरांला आशीर्वाद. तब्येतीला जपा.

तुमचा,
महिपती

ता. क. ते गिऱ्हाईक तुमी हाव. दचकू नका, समदं रीतीनं झालंय. सूनबाईनं तुमच्या नावाचं खातं काढलं, फोटू कुमारच्या लग्नातला लावला, फेटा बांधून जिलेबी खाताना. खातं निघालं तर तुमच्या नावाखाली आलं, 'नवीन खातं, व्यवहार शून्य'. मला लई लागलं ते. चाळीस वर्सं आपला येव्हार, दुष्काळात एका छावणीत ऱ्हायलो, एका ताटात खाल्लं, आन् ते यंतर म्हणतंय शून्य! मग मी सूनबाईला म्हणलो, तू चांदण्या दे पाव्हण्याला. तिनं पाच दाबल्या. मी एक काढायला लावली. तुमी मला शहाण्णव साली दिलेला बोकड लंगडा हुता.

ता. क. दुसरं. बयाणा म्हणून तुमी पाच हजार धाडले, असं घरात सांगितलंय. ते माज्या कोपरीतले मीच बाळाबाईला दाखवले. तिनं मोजले आन् ठेवून घेतले. ते परत येत न्हाईत, मी बघितलंय. कुमारला संशय आला हुता, पर मी नुसतं 'सोनम' म्हणून हाक मारली आन् त्यानं आपणहून टेम्पो ठरवला. गुरुवारी दहाच्या सुमारास तुमच्या वस्तीवर पोचंल. तुमी हात हलवून नको, नको, कानडीत बेडा, बेडा म्हणणार. म्हणा. तवर टेम्पो परत फिरलेला असंल. सरपंचाला सांजच्याला भिजवलेला मका घाला, आन् कडक भाकरी मागितली तर द्या, हितं सवय लागलीय. कागद मातूर उंचावर ठेवा. सातबारा तर पेटीतच.

ता. क. तिसरं. हे पत्र बाळाबाईनं सूनबाईकडनं वाचून घेतलं. मी न्हाणीत हुतो. भाईर आलो तर दोघी हसत हुत्या, आन् बाळाबाई माजी दोन धोतरं, घोंगडं आन् गुडघ्याचं तेल पिशवीत भरत हुती. मी तिला कायबी बोललो नव्हतो. म्हणली, 'माज्या भावाला लिवा, दोन नग धाडतीया, दोन्ही ठेवून घे, एकच परत धाडू नको.' आता ती म्हणतीया म्हणून लिवतो, माजं काय न्हाय. मेंढा गाडीत एकटा बसत न्हाय, बावरतो, म्हणून मी संगं येतोय, इतकंच. माजी खाट मेंढरांच्या वाड्यालगत टाका, घरात नको, घरात मला निज लागत न्हाय. सहा महिने लागली न्हाय. राहणार किती दिवस, ते तेवढं इचारू नका. बाळाबाईनं इचारलं, सूनबाईनं इचारलं, टेम्पोवाल्यानंबी इचारलं. कुणालाबी सांगितलं न्हाय. तुमालाबी सांगणार न्हाय.