डॉक्टरीण अजून दाराबाहेर आहे

प्रिय मिस्त्रीणबाई,

तू पाठवलेलं शेवटचं प्रकरण वाचलं. त्यात तू मला मारून टाकलं आहेस. मला म्हणजे आपल्या गोष्टीतल्या डॉक्टरणीला, पण आता तुझ्यामाझ्यात हा फरक करायचा आव कशाला आणायचा? अवकाशयानाचं हवाबंद दार मिस्त्रीण आतून लावून घेते, डॉक्टरीण बाहेर राहते, काचेवर हात ठेवते आणि खाली 'समाप्त'. सोबत एका ओळीची चिठ्ठीसुद्धा नाही. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. मी इकडे दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या घासत बसते आणि लक्ष सगळं फोनकडे. परवा एका आजोबांच्या कवळीचा सुळा इतका घासला की दात नव्यानं लावावा लागला. आमचे दंतवैद्य चष्म्यावरून बघत राहिले. तर मी रागावले आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुठे मी समजूतदारपणा दाखवलाच तर तो दात-ओठ खाऊन दाखवलाय हे तुला कळेल.

तुला तुझा तो पुढचा दात आठवतो का? शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाचं दार तोंडावर आपटून तुटलेला? तू माप द्यायला आलीस तेव्हा बाकावर बसून परग्रहावरच्या भुतांची कादंबरी वाचत होतीस, मुखपृष्ठ वर्तमानपत्रात गुंडाळून. रसायनशास्त्राच्या बाई भुतं वाचतात म्हणून मी हसले आणि तू तुटक्या दातानं माझ्यावर खेकसलीस. मग दात झाला, चहा झाला, आणि दर रविवारी माझ्या खोलीवर पुस्तकांचा फडशा पाडणं सुरू झालं. दोघींची तक्रार एकच. कुठल्याही गोष्टीत दोन बायका एकमेकींच्या जवळ आल्या की लेखकाच्या पोटात दुखायला लागतं. एकीचं भूत होतं, दुसरीला वेड लागतं, नाहीतर सरळ उल्का कोसळते. तू वैतागून म्हणालीस की आपल्यासारख्या बायका परग्रहावरसुद्धा धड नांदू शकत नाहीत का? 'आपल्यासारख्या' म्हणालीस आणि लगेच कप तोंडाला लावलास. तो रिकामा होता, मला दिसत होतं. मी ऐकलंच नाही असं दाखवून खिडकी पुसायला घेतली. त्याच दिवशी ठरलं की आपणच लिहायचं.

नियमही तूच काढलास. आपापली बाई लिहायची नाही, समोरचीची लिहायची. मिस्त्रीण म्हणजे तू, ती मी लिहिणार. डॉक्टरीण म्हणजे मी, ती तुझ्याकडे. मला वाटलं, सोपं आहे. चार दिवसांत तोंडचं पाणी पळालं. तुला लिहायचं तर तुला बघावं लागलं ना गं. स्क्रू आवळताना तू जीभ दातांत धरतेस, खोटं बोलायच्या आधी पदर नाहीतर ओढणी सारखी करतेस, हसू आलं की आधी चिडतेस. हे सगळं मी यानाच्या इंजिनघरात नेऊन ठेवलं आणि वाचकांना वाटलं काय कल्पनाशक्ती आहे. आणि तुझी डॉक्टरीण! पहिल्यांदा वाचली तेव्हा तुला सोलून काढावंसं वाटलं. भांडकुदळ, एकदा सुरू झाली की न थांबणारी, स्वतःचंच खरं करणारी. मग ते हातांचं पान आलं. ती भुतानं पछाडलेल्या खलाशाला वाचवून परत येते आणि हात धूत उभी राहते, आणि मिस्त्रीण दारातून नुसती बघते. मेण आणि प्लास्टरनं भेगाळलेले, बर्नरनं पोळलेले हात. मला माझे हात कधी आवडले नाहीत. चारचौघांत मी ते मांडीवर झाकून ठेवते. तू त्यांच्यावर अख्खं पान लिहिलंस, आणि त्यात एकही गोड शब्द नव्हता, तरी मी ते पान वाचून मोरीत जाऊन रडले. पुढच्या रविवारी तू आलीस तेव्हा आपण दोघींनी त्या पानातल्या फक्त स्वल्पविरामांवर चर्चा केली. एवढ्या शहाण्या आपण.

मासिकात हप्ते छापून यायला लागल्यावर तर नुसती धमाल. टोपणनाव पुरुषाचं घेतलं, त्यामुळे 'आदरणीय सर' म्हणून पत्रं यायची. सरांना भुतांचा इतका दांडगा अनुभव कसा, असं एकानं विचारलं तेव्हा आपण हसून लोळलो होतो. पण त्या निवृत्त नर्सबाईंच्या पत्रावर तू हसली नाहीस. प्रत्येक हप्ता त्या दोनदा वाचतात, एकदा भुतासाठी आणि एकदा त्या दोघींसाठी, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी एवढंच मागितलं होतं की कुणाला मारू नका, आम्ही फार जणी मेलेल्या वाचल्या आहेत. ते पत्र तू घडी घालून पर्समध्ये ठेवलंस. म्हणून विचारते, हे प्रकरण लिहिताना पर्स कुठे होती?

मला माहीत आहे कुठे होती. घरी बसून लिहीत होतीस तरी मनानं तू अजून मोठ्या बाईंच्या केबिनबाहेरच होतीस, पर्स मांडीवर घेऊन. आता त्यात थोडा दोष तुझ्या विनोदबुद्धीचा आहे हे कबूल कर. यानाच्या हवेच्या नळ्यांतून फिरणारं ते भूत बोलायच्या आधी दोनदा खाकरतं आणि 'जरा केबिनमध्ये या' म्हणतं, हे लिहिताना मी तुला बजावलं होतं की मुख्याध्यापिका मासिकं वाचतात. तू म्हणालीस, त्या फक्त परिपत्रकं वाचतात. मग कुणा पालकानं तो अंक नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला, त्यांनी आपलं खाकरणं ओळखलं, ते शाळेतलंच कुणी लिहू शकतं हेही ताडलं, आणि सगळं उलगडलं. भूत केल्याचा त्यांना राग आलाच नाही म्हणे. राग आला तो दोघींचा. मुलींच्या शाळेतली बाई असलं लिहिते, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. तुला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं, आणि तू घरी बसून काय केलंस, तर मला दाराबाहेर काढलंस. डॉक्टरीण मेली की संशय मेला, असाच हिशेब ना? आणि वर माझा फोनही घेणं बंद.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. तुझ्या पगारावर तुझे वडील आहेत, त्यांचं औषधपाणी आहे. शाळा सुटली तर दुसरी शाळा कारण विचारणारच. मी तुझ्या जागी असते तर कदाचित मीही पाय लावून पळाले असते. पण प्रकरण वाईट आहे गं. तू असं कधीच लिहीत नाहीस. वाक्यं सगळी अंग चोरून बसली आहेत. डॉक्टरीण अख्ख्या प्रकरणात एकदाही भांडत नाही, दार लागताना नुसती बघते. तिला ओळखणारं कुणी ते मान्य करेल का? आणि आपला नियम मोडून तू मिस्त्रीणसुद्धा स्वतःच लिहिलीस. ती दार लावते आणि मागे वळून बघत नाही म्हणे. हे मात्र मी खपवून घेणार नाही. मिस्त्रीण माझी आहे. तीन वर्षं मी तिला लिहिते आहे, तिचं मन मला ठाऊक आहे. ती वळून बघेल. निदान असं मला कालपर्यंत खात्रीनं वाटत होतं, आज वाटतंय का ते विचारू नकोस.

सकाळी मी तुझ्या शाळेत गेले होते. थांब, कागद फेकू नकोस, पुढे वाच. मोठ्या बाईंसमोर बसले, त्या दोनदा खाकरल्या, आणि मी सांगितलं की ते सर म्हणजे मी. एकटी मी. पहिल्या हप्त्यापासून शेवटपर्यंत. तुमच्या बाई माझ्याकडे दात करून घ्यायला आल्या होत्या, गप्पांत त्यांनी शाळेतल्या गमती सांगितल्या, त्या मी चोरल्या, बाकी त्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी या वेळी हात झाकले नाहीत. त्यांना खरं किती वाटलं देव जाणे, पण त्यांना यातून सुटायचंच होतं, दोर मिळाला आणि त्यांनी तो धरला. तुला सोमवारपासून वर्गावर बोलावणार आहेत. संपादकांनाही मी तेच कळवलंय, हप्त्यांचं जे पुस्तक ते काढणार आहेत त्यावर माझं खरं नाव छापायचं, एकटीचं. दंतवैद्यांना मीच सांगितलं. त्यांनी यापुढे मागच्या दारानं ये-जा करायला सांगितलंय. जिच्या घरी मी राहते ती माझी ताई हे ऐकल्यावर जेवता जेवता ताट तसंच ठेवून उठली आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. पुढे काय होईल मला माहीत नाही आणि मला भीती वाटते आहे. तुझं अर्धं पुस्तक मी गिळलं, याचा तुला संताप येईल. येऊ दे. येऊन भांड.

पण हे पत्र उपकार सांगायला लिहिलेलं नाही. मला एवढंच कळवायचं होतं की आता तुला भ्यायचं कारण उरलेलं नाही. नोकरी आहे, नाव कुठे नाही, कुणी विचारलं तर मला ओळखतही नाहीस. आता जे लिहिशील ते मोठ्या बाईंच्या धाकानं लिहिलं असं तुलाही म्हणता येणार नाही आणि मलाही मनाची समजूत घालता येणार नाही. संपादकांना मी सांगितलंय की शेवटचं प्रकरण अजून यायचं आहे. तुझ्या कागदांना मी हात लावलेला नाही, डॉक्टरीण तुझी आहे, तिचं काय करायचं ते तू ठरव. दार उघडायचं असेल तर उघड, आणि मग ते फक्त गोष्टीतलं दार नसेल, हे आज पहिल्यांदा स्पष्ट लिहिते आहे, स्वल्पविरामांवर न घालवता. आणि बंदच ठेवायचं असेल तर ठेव. एक शब्द न बदलता मी ते माझ्या नावानं छापून घेईन. फक्त तेवढं पुन्हा लिहून पाठव, न घाबरता, तुझ्या नेहमीच्या हातानं. मरायचंच असेल तर मला चांगल्या वाक्यात मरायचं आहे.

तुझ्या हातची,
डॉक्टरीण