उजवं फूल

मंगळवार, संध्याकाळ

मंजूला धारवाडला एम.एस्सी. करायचंय. ह्यांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवून कौल लावला. उजवं पडलं, म्हणजे होकार. "वाऱ्यानं पडलं," म्हणाले आणि पंखा बंद केला. परत उजवंच. तिसऱ्यांदा डावं पडलं, तर लगेच हात जोडले! "बघ मंजव्वा, देवीच नको म्हणते."

पोराच्या दुकानाला एकदाच लावला होता.

उद्या शेवटची तारीख. फॉर्मवर पालकाची सही हवी, आईची चालते. केली मी, वाकडीतिकडी. ओरडू देत.

पण ते उजवं फूल डोळ्यांपुढून हलत नाही. चौथीनंतर माझी शाळा देवीनंच सोडवली, असं आजवर धरून चालले. माझ्या अप्पांनी तेव्हा कितीदा लावला होता कौल? विचारायला ते आहेत कुठे आता.