मी थांबलो न्हाई

गौतमी,

वरवंडच्या मातीच्या ट्रॅकवर, तिसऱ्या वळणाला तुझा महेंद्रदादा गाडीवरून उडाला, तिथंच माझं सगळं बदललं. मी त्याच्या मागंच होतो. गाडी टाकून त्याच्याकडं पळालो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, असं तुला सांगितलं. ते खोटं हाय. मी थांबलोच न्हाई.

आमचे मेकॅनिक आप्पा पहिल्याच दिवशी शिकवतात, "पडलेल्याकडं बघायचं न्हाय, बघितलं की आपणबी पडतो." मी बघितलं न्हाई, आन् पहिला आलो. ती ट्रॉफी घरी येऊन आपटून फोडली.

दादा गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला आमची रेसची पोरं नुसती टायरचं बोलत होती म्हणून तू चिडलीस. रडू आलं की आम्ही टायरचाच विषय काढतो गं.

काल तू म्हणालीस, "रेस सोड, लगीन करू. दादा गेला तवा त्याच्याजवळ तूच होतास." रेस सोडीन. कॉलेज सोडलं तशी एका झटक्यात सोडीन. पण तुझा होकार माझ्या खोट्यावर उभा हाय.

कागदावर कबूल करणं सोपं हाय, म्हणून हे पाठवत न्हाई. तुझ्या तोंडावर सांगतो. मग थोबाडीत दे, न्हाईतर हाकलून दे. कागद इथंच टेबलावर ठेवला. दार ओढून घेतो आन् तुझ्याकडं कारेगावला निघतो.

अजून तरी तुझाच,
स्वराज