लदेणीतली शेळी

२१ जुलै
निर्णय पक्का. गेमचं नाव 'लदेणी'. आपले पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे ती लदेणी, त्यावर अख्खा ओपन वर्ल्ड. नकाशा आर्णीपासून थेट हैदराबादपर्यंत. माणसं दोनशे. पुण्याच्या कंपनीने मला मोकळं केलं ते याचसाठी, फक्त त्यांना अजून ते कळलेलं नाही.

जेवताना बा म्हणाले, तीजेपर्यंत काय ते दाखव, नाही तं आर्णीले घनश्याममामाच्या कृषी केंद्रात जाऊन बस. मी लगेच हो म्हणालो. तीज म्हणजे आम्हा बंजाऱ्यांचा मोठा सण, पुण्या-मुंबईचे सगळे तांड्यात येतात, लाँचिंगला याहून चांगला मुहूर्त नाही. मामांना दुसरा माणूस शोधावा लागेल. वाईट वाटतं.

२२ जुलै, पहाटे
लोकांचे गेम मेलेले का वाटतात? कारण तिथली माणसं हीरोची वाट बघत ताटकळत असतात. माझ्या तांड्यात तसं नाही. हीरो झोपला तरी माणसं निंदायला जातील, भांडतील, भाकरी थापतील. जग कुणासाठी थांबत नाही, हे खेळणाऱ्याला जाणवलं पाहिजे.

२२ जुलै, दुपारी
आत्ता उठलो. घरात कोणी नाही, सगळे वावरात. भाकरी झाकून ठेवली होती.

२४ जुलै
संशोधन सुरू. एका माणसाचा पूर्ण दिवस बघायचा. शेजारच्या रुखमाकाकूंची निवड केली. नळापाशी त्या थांबल्या. मग म्हणाल्या, काहून मांगं मांगं येऊन राह्यला बाप्पा? म्हटलं, तुमचं रूटीन पाहतोय. त्या म्हणाल्या, मंग पाहता पाहता हा चाऱ्याचा भारा उचल.

उचलला. अनुभव घेतल्याशिवाय कोडिंगमध्ये जीव येत नाही. पाठ धरली आहे, त्यामुळे आज कोडिंग नाही.

२९ जुलै
माझ्या कामाची बातमी पसरलेली दिसते. सकाळी दारात तीन जण उभे. म्हणाले, बादल, आमचंबी रूटीन पाहून घे. घेतलं. एकाची खताची पोती, एकाचा फवारणीचा पंप, एकाची चिखलात रुतलेली मोटारसायकल. असं सहकार्य पुण्यात जन्मात मिळालं नसतं.

दोनशे माणसं म्हणजे उगीच गर्दी. चाळीस ठेवू.

३ ऑगस्ट
हैदराबाद रद्द. नकाशा आर्णीच्या बसस्टँडपर्यंत.

पाऊस बसवला. तो आभाळातून खाली यायच्या ऐवजी जमिनीतून वर जायला लागला. बा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, असा वर येत असन तं बोअर मारायची गरजच नाही. घरच्यांचा पाठिंबा हळूहळू वाढतोय.

चाळीस माणसं एकमेकांत अडकून थरथरत राहतात. सहा पुष्कळ झाली.

७ ऑगस्ट
तीज बसली. तांड्याचे प्रमुख नायक, त्यांच्या अंगणात लग्न न झालेल्या मुलींनी टोपल्यांत गहू पेरले; त्या रोपांनाही तीजच म्हणतात. आता रोज पाणी घालणार, गाणी म्हणणार, आणि अष्टमी झाली की विसर्जन. जिचा गहू उंच तिला नवरा चांगला, असं बाया म्हणतात. माझी बहीण जया कृषी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणते, नवऱ्याचं मले काही सांगू नका, पण टोपली माहीच पहिली आली पाह्यजे. तिने गुपचूप युरियाचे चार दाणे टाकलेले मी पाहिले.

गाणी रेकॉर्ड करायला गेलो होतो. मुली म्हणाल्या, भिया, आम्ही जेवून येतो, तवरिक टोपल्या राख. राखल्या. गाणी राहिली.

१२ ऑगस्ट
मोठा शोध! जनावराला काय करायचं ते सांगायचंच नाही. फक्त भूक द्यायची. पुढचं ते स्वतः ठरवेल, आणि मग जग जिवंत होईल.

प्रत्यक्ष पाहणं भाग होतं. टोपल्या राखायला मीच होतो (आता रोज मीच असतो), म्हणून रुखमाकाकूंची शेळी सोडली आणि ओट्यावर बसलो. शेळी आधी कुंपणाकडे गेली. मग नायकांच्या चपलेकडे. मग टोपल्यांकडे. मधे पडलो असतो तर प्रयोग वाया गेला असता.

एकच टोपली खाल्ली. सगळ्यांत उंच होती ती. जयाची.

१३ ऑगस्ट
जया बोलत नाही. याडीही पोटच्या पोराशी बोलत नाही. नायकांनी चार माणसं बसवून विचारलं, शेळी येताना तुले दिसली नाही का? मी खरं ते सांगितलं की मीच सोडली. शेवटी नायक म्हणाले, जाऊ द्या, दंड नोका करू, याच्या बापाकडं पाहा.

जिवंत जगाचं आणखी एक लक्षण सापडलं: खेळणाऱ्याने केलेलं माणसांच्या लक्षात राहिलं पाहिजे. आपल्या तांड्यात ही सोय आधीपासूनच आहे. रुखमाकाकूंनी आज माझ्या बालवाडीतली एक गोष्टसुद्धा काढली.

जया रिकाम्या टोपलीला पाणी घालत होती. मला खरंच वाईट वाटलं. गेममध्ये तिची तीज सगळ्यांत उंच करणार.

१५ ऑगस्ट
सहाही माणसं काढली. चालायला लागली की लॅपटॉप बंद पडतो. पण शेळी! शेळी अप्रतिम चालते. तांडा, गहू आणि शेळी, यात सगळं आलं. तिने किती वस्तू खाल्ल्या त्याचा आकडा वर कोपऱ्यात दिसतो. तो माझ्या तपासणीसाठी होता, काढायला वेळ नाही.

उद्या इतिहास घडणार.

१६ ऑगस्ट, रात्री
विसर्जन झालं. मुली रडून परतल्या. मग नायकांच्या भिंतीवर चादर बांधून 'लदेणी' दाखवली. अख्खा तांडा जमला होता.

शेळी निघाली ती सरळ जयाच्या तीजेकडे. खाल्ली. लोक ओरडले, मी बटणं दाबत राहिलो. मग तिने कुंपण खाल्लं. घरं खाल्ली. नायकांचा ओटा, चिंचेचं झाड, टेकडी. शेवटी सूर्य. पडद्यावर फक्त शेळी आणि आकडा उरला. पोरं नाचायला लागली. आणि जया हसली, पोट धरून हसली. मला इतकं बरं पुण्यातही कधी वाटलं नव्हतं.

बा उठले. सगळ्यांसमोर विचारलं, हे सारं तूच बनवलं? हो म्हणालो. तो आकडा आपोआप बदलते? हो म्हणालो. बांचे डोळे भरून आले. माझेही.

घनश्याममामा पुढे आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, भाऊजी, पोरगा तयार झाला. मले पोत्यांचं असंच पाह्यजे, किती गेले ते वर दिसलं पाह्यजे.

१७ ऑगस्ट
सकाळच्या बसने आर्णी. अगदी तात्पुरतं. दुकानात रोज गावोगावची माणसं येतात, खरा ओपन वर्ल्ड तर हाच.

मामांनी दुकानाचा शर्ट दिला. खिशावर दोऱ्याने 'बादल' असं भरलेलं. मापात चपखल बसला. एका रात्रीत कसा शिवून झाला, म्हणून विचारलं. मामा म्हणाले, एका रात्रीत कायचा? तू पुण्याहून आला त्याच आठवड्यात शिवून ठेवला. माप तुह्या बानंच पाठोलं होतं.