जखम एवढीशी दिसत होती, ताई

प्रिय ताई,

तुला बघायला आलेल्या पाहुण्यांना आई म्हणाली होती, "आमची थोरली कधी कुरकुर करत नाही." किती अभिमानानं! ते वाक्य आज डोक्यातून जात नाही, कारण उद्या माझं ऑपरेशन आहे. दुखणं तुझंच. मोठ्या आतड्याला फुगवटे, सारखी सूज. आणि तुझ्यासारखंच दुर्बिणीतून आतड्याचा तेवढा भाग काढून जोड द्यायचा.

"कॅन्सर नाही ना? मग झालं!" तुझा रिपोर्ट आल्यावर दाजींनी पेढे वाटले होते, आठवतं? त्या पेढ्यांनंतर तुझ्या आजाराला कुणी आजार म्हटलंच नाही.

ऑपरेशन होऊन नाशिकहून नांदगावला घरी गेलीस. बायका तुझं पोट बघायला जमल्या. "चार भोकं तं पाडलीत!" तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "मला ईतभर चिरलं व्हतं, तरी म्हैस पिळत व्हते." तू हसलीस. "आत्याबाई, माझ्या पोटाची चाळणी झाली." आणि त्याच बायकांसाठी चहा टाकायला उठलीस. का गं?

मग ताप आला, पोट फुगलं. ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात, म्हणून एक-दोन दिवस दुखेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दाजींनी तेवढंच धरून ठेवलं. ताप आला तर लगेच आणा, हेही त्यांनीच ऐकलं होतं ना? "हवेचंच दुखणं. ओवा दे तिला. एवढ्यासाठी नाशिकपर्यंत गाडी कुठं काढायची?" मी फोन केला, तर तू म्हणालीस, "बरी आहे गं, तू नको येऊ."

आत जोड सुटला होता, ताई!

परवा माझ्या डॉक्टरांना विचारलं. बहुतेक माणसं लवकर हिंडूफिरू लागतात, म्हणाले. थोड्यांचा जोड गळतो, पण वेळेत आणलं तर त्यातलेही बरेच वाचतात. वेळेत! म्हणजे तूही वाचली असतीस. हे कळण्यापेक्षा तुझा आजार असाध्य असता तर बरं, असं क्षणभर वाटलं.

माझं वचन घे. जरा दुखलं तरी मी घर डोक्यावर घेईन. लोक नाटकी म्हणोत.

आणि एक मागते. पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध. दाजी रामकुंडावर पिंड ठेवून हात जोडतील, रडतीलही. तू लगेच विरघळशील, मला ठाऊक आहे. तरी सांगते, ताई, कावळा शिवू देऊ नकोस.

तुझीच,
नीलू