बपेऱ्याच्या नातीसाठी नाकाडोंगरीचे घर

मी, कौशल्याबाई, कै. सेवकराम बोंदरे यांची पत्नी, वय साठीच्या पुढे, धंदा गोधड्या शिवणे, राहणार नाकाडोंगरी, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, माझ्या मरणानंतर माझ्या घरादाराचे आणि चीजवस्तूचे काय करावे ते या कागदाने सांगून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी गोड बोलून फशीही पाडलेले नाही. मी बोलते आहे आणि निवृत्त शिक्षक पुंडलिकराव गुरुजी लिहीत आहेत. माझी बोली झाडीची, कागदाची भाषा वेगळी. गुरुजींनी शब्द सुधारावेत, मजकूर सुधारू नये, असे आमचे ठरले आहे.

कागद आजच करण्याचे कारण असे की माझ्या पोटात गाठ आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला न्या म्हणून सांगितले. कोणाला सांगितले ते मला कळले नाही, कारण त्यांच्यासमोर मी एकटीच बसले होते.

१. घर. मातीच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर, पुढे सपरी म्हणजे ओसरी, मागे सांदवाडी म्हणजे परस आणि त्यात एक सीताफळाचे झाड. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस धनीरामचे अंगण, उत्तरेस गावची बोडी म्हणजे लहान तळे, पश्चिमेस भय्याजी बोंदरे यांचे घर. भय्याजी माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांचे नाव मी आजवर तोंडाने घेतले नाही. कागदाला नाव लागते, म्हणून आज घेतले. हे घर माझ्या नवऱ्याने मॅंगनीजच्या खाणीत काम करून स्वतःच्या कमाईने बांधले. वडिलोपार्जित नाही. त्यांच्या मागे ते माझ्या नावावर चढले आहे.

हे घर मी माझी मुलगी जिजा हिच्या मुलीला देते. तिचे नाव गोदावरी, राहणार बपेरा. भय्याजी बोंदरे किंवा त्यांच्या वतीने कोणी या घरावर हक्क सांगितल्यास तो मानू नये. मधली भिंत पाडून दोन्ही घरे एक करायची, असे ते चार लोकांत बोलून चुकले आहेत. ती पाडू नये.

२. असे का, ते लिहिणे भाग आहे, नाहीतर म्हातारी चळली असे म्हणतील.

भय्याजींच्या पत्नी पुष्पाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही दोघी मिळून गोधड्या शिवत आलो. गोधडी मोठी असली की एकटीचे काम नव्हे. जुनी लुगडी जमिनीवर अंथरायची, आत धोतरांचे थर घालायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. एक जण एका काठाला बसते, दुसरी समोरच्या काठाला. टाके घालत दोघींनी मध्याकडे सरकायचे. संध्याकाळी तिच्या गुडघ्याला माझा गुडघा लागला की गोधडी झाली. तोवर सासरचे, माहेरचे, गावचे सगळे बोलून होत असे. आमच्या मुली, माझी जिजा आणि त्यांची मंगला, त्याच गोधड्यांवर लोळून मोठ्या झाल्या. मंगलाला ताप आला की ती माझ्याच मांडीवर निजे. शिवरात्रीला आम्ही सगळ्या भय्याजींच्या बैलबंडीत बसून गायमुखच्या यात्रेला जात असू. तिथे मुलींना बांगड्या आणि आम्हाला सुताची गुंडी, एवढीच खरेदी. परतताना मुली बंडीत झोपत आणि जाऊबाई त्यांच्यावर आपला पदर घालत. माझ्या आयुष्यातले बरे दिवस ते तेवढेच. ते मी पुरे भोगले, हे कबूल आहे.

जिजाचे लग्न बपेऱ्याच्या मनिराम सेलोकर याच्याशी झाले. तिला दिवस गेले तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पाठवा असा निरोप मी दोनदा धाडला. धान कापणीला आले आहे, हात कमी आहेत, असे उत्तर आले. त्याच सुमाराला मंगलाची सोयरीक मनिरामच्या धाकट्या भावाशी, इतवारीशी, चालली होती. बोलणी भय्याजी करत होते.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या कार्तिकात मी एका पाटलांकडे लग्नाच्या गोधड्या शिवायला दुसऱ्या गावी गेले होते. जाऊबाईंना ताप होता, म्हणून त्या घरी राहिल्या. त्या दिवशी जिजा आली. बपेऱ्याहून सिहोऱ्यापर्यंत पायी, तिथून मोटारीने तुमसर, मग नाकाडोंगरी. पाय सुजलेले, पोट पुढे आलेले. माझ्या दाराला कडी पाहून ती जाऊबाईंच्या सपरीत बसली. त्यांनी तिला वालाच्या शेंगांची भाजी आणि भात वाढला. पुढचे मला त्यांनीच सांगितले, ते जसेच्या तसे लिहावे.

भय्याजी शेतावरून आले आणि म्हणाले, "तू काहून आली?"

जिजा म्हणाली, "मोठे बाबा, मले तिथं होऊन नाही राहिलं. मी आईजवळ बाळंत होतो."

"तुही माय दोन दिवस येत नाही. चाल, तुले पोचवून देतो. पाव्हण्यांच्या घरी बोभाटा नोको."

"एक रात राहू द्या. आईचं तोंड पाहून जातो."

"तीनची मोटार हाय," भय्याजी म्हणाले.

जाऊबाई चुलीजवळ होत्या. जिजाने ताट धुऊन पालथे घातले आणि ती मोठ्या बाबांच्या मागून मोटारीकडे गेली. मी त्याच दिवशी दिवेलागणीला घरी पोहोचले.

जाऊबाईंनी मला हे सगळे सांगितले आणि रडल्या. मी विचारले, "तुमी त्यायले थांबवलं काहून नाही?" त्या म्हणाल्या, "माही मंगला, बाई." त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने मी बपेऱ्याला गेले. जिजा शेतात होती, विळा हातात. मला पाहून ती बांधावर आली. मला वाटले, गळ्यात पडेल. तिने आधी मागे वळून सासू कुठे आहे ते पाहिले. म्हणाली, "आई, तू काहून आली? मी आता ठीक हाओ. तू जाय." मी तिच्या सासूचे पाय धरले. बाळंतपण इथेच होईल, तुमच्या घरच्या मोठ्या माणसाने कबूल केले आहे, असे त्या म्हणाल्या. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितले. ते म्हणाले, "दादानं शबद देला हाय." माझा नवरा वाईट नव्हता. भावासमोर त्याला आवाज नव्हता, एवढेच.

तो महिना सरायच्या आत निरोप आला. मुलगी झाली, जिजा गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा नदीवरचे सगळे आटोपले होते. लेकरू मला द्या म्हणून मी अंगणात बसून राहिले. लेकरू त्यांचे होते. दिले नाही.

फाल्गुनात मंगलाचे लग्न त्याच घरात झाले. तिच्यासोबत द्यायची गोधडी शिवायला जाऊबाईंनी कापड माझ्या सपरीत आणून ठेवले. मी दगड मांडले. त्या समोरच्या काठाला बसल्या. दोघी न बोलता मध्यापर्यंत आलो. तेव्हापासून आजवर आमच्या सगळ्या गोधड्या तशाच झाल्या आहेत. पोट दोघींनाही होते आणि दुसरी शिवणारी गावात नव्हती.

मनिरामने पुढे भिलाईकडे दुसरा संसार मांडला. त्यात गोदावरीला जागा नव्हती. तिला मंगलाने आणि इतवारीने वाढवले. मंगलाला स्वतःचे मूल झाले नाही.

३. गोधडी एक. जिजाच्या माहेरच्या दोन लुगड्यांची, आत माझ्या नवऱ्याच्या धोतराचा थर. खाणीचा काळेपणा त्याला कितीही धुतले तरी राहिला आहे, तो आतल्या बाजूला आहे. ही गोदावरीला द्यावी.

ती मी एकदा देऊन पाहिली आहे. दोन वर्षांमागे शिवरात्रीला गायमुखला मंगला दिसेल या आशेने मी गोधडी डोक्यावर घेऊन एकटी गेले. दोन्ही घरांची बंडी एकत्र जायचे दिवस संपले होते, मी मोटारीने गेले. ती दिसली. सोबत सासू, इतवारी आणि दहा वर्षांची एक मुलगी. मुलीची हनुवटी जिजाची होती. मी पुढे झाले. मंगलाने मला ओळखले, तिचा चेहरा उतरला.

मुलीने तिला विचारले, "माय, ह्या कोण होत?"

सासू शेजारीच उभी होती. मंगला म्हणाली, "गोधड्या शिवणारी बाई हाय. आपल्या गावाकडची."

मी गोधडी मुलीपुढे धरली. तिने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "लय जड हाय. आमच्या घरी ब्लँकेट हाय." आणि मंगलाचा हात ओढून ती पाळण्याकडे गेली. मंगलाने एकदा वळून पाहिले. मी दिवसभर तिथेच बसून राहिले. त्या पुन्हा त्या वाटेने आल्या नाहीत.

मंगलावर माझा राग नाही, असे लिहा म्हणून गुरुजींनी सुचवले. ते खोटे होईल, म्हणून लिहू नये. तिने लेकराला पोटच्या मुलीसारखे वाढवले आहे, हे मात्र खरे आहे आणि तेही लिहावे.

४. सुया, दाभण, कात्री, बोटातली लोखंडी टोपी आणि उरलेले सूत. हे शिकणारे कोणी राहिले नाही. आता बाया जुनी नायलॉनची पातळे आणतात. सुई त्यात कुरकुरते, टाका बसत नाही, थर एकमेकांवरून सरकतात आणि ऊब येत नाही. मागच्या वर्षी दोनच गोधड्या झाल्या. सुया पुष्पाबाईंनी घ्यायच्या असल्यास घ्याव्यात. नसल्यास बोडीत टाकाव्यात, उकिरड्यावर नको, अनवाणी पोरे फिरतात.

५. पोस्टातल्या पैशांतून माझे क्रियाकर्म करावे. उरले तर गोदावरीचे. शेळी धनीरामच्या घरी जावी. आजारात दोन वेळची पेज त्याची बायको गुणाबाई आणून देते.

६. माझ्या चितेला अग्नी धनीरामने द्यावा. भय्याजींनी खांदा देऊ नये. लोक काय म्हणतील म्हणून ते पुढे येतील. त्या वेळी हा कागद वाचून दाखवावा. मी मेल्यावर ते ऐकतील असा भरवसा मला नाही. जिवंतपणी एकदाही ऐकले नाही.

७. या कागदाप्रमाणे व्यवस्था लावण्याचा अधिकार पुंडलिकराव गुरुजींना देते.

येथे कागद संपणार होता. पण साक्षीसाठी मी पुष्पाबाईंना बोलावणे पाठवले. मोटारीच्या त्या दिवसाचे सगळे त्यांनी स्वतः पाहिले होते, म्हणून दुसरी साक्ष त्यांचीच असावी, असे मला वाटले. गुरुजींनी त्यांचे नाव खाली लिहूनही ठेवले. त्या आल्या, दाराशी उभ्या राहिल्या. गुरुजींनी पहिल्यापासून सगळे वाचले. त्यांनी मान खाली घालून सगळे ऐकले. अंगठ्याला शाई लावायला गुरुजींनी डबी पुढे केली.

त्या म्हणाल्या, "यातला एकबी शबद खोटा नाही, बाई. पण पोरीले हे काहीच माहीत नाही. तिची माय मंगलाच हाय. हा कागद बपेऱ्याले गेला का माह्या मंगलाचं लेकरू तुटन."

मी म्हणाले, "माहं तुटलं, त्याचं?"

त्या म्हणाल्या, "तुमचं तुटलं. म्हूनच सांगून राहिलो."

इतक्या वर्षांनी त्या माझ्याशी बोलल्या आणि एवढेच बोलल्या. मग त्यांनी पदर सावरला आणि पश्चिमेच्या दाराने घरी गेल्या. अंगठा दिला नाही.

गुरुजींनी विचारले, कागद फाडू का? मी नको म्हणाले. घर दुसऱ्या कोणाला देण्यासारखे माझ्याकडे माणूस नाही. म्हणून खालचे कलम वाढवले आहे.

८. गोदावरी अठरा वर्षांची होईपर्यंत हा कागद कोणालाही दाखवू नये. भय्याजींचा खांदा अडवायलाही नाही. वरचे सहावे कलम रद्द समजावे, त्यांना खांदा देऊ द्यावा. तोवर घराला कुलूप असावे. मुलगी अठरा वर्षांची झाली की गुरुजींनी स्वतः बपेऱ्याला जावे आणि तिला एकटीला गाठून हे सांगावे. ऐकून तिने घर नको म्हटले तर कागद जाळावा आणि घर ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे.

गुरुजींची सत्तरी उलटली आहे. लिहिता लिहिता ते थांबले आणि म्हणाले, "कौशल्याबाई, तवरक मी तरी राहीन का?"

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

ठिकाण : नाकाडोंगरी
तारीख : १७ मार्च १९८६

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : कौशल्याबाई सेवकराम बोंदरे

साक्षीदार :
१. धनीराम, शेजारी, सही
२. पुष्पाबाई भय्याजी बोंदरे (हे नाव खोडले आहे)
३. भैय्यालाल, चहाचे दुकान, मोटारीचा थांबा, सही. (यांना मजकूर वाचून दाखवलेला नाही. सही कौशल्याबाईंची निशाणी पाहिल्याची आहे.)

लिहिणार : पुंडलिकराव, निवृत्त शिक्षक